आबांच्या परातीतले किडे

आबा वैद्यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती संशयाने. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात हे लिहिणे शोभते की नाही, मला ठाऊक नाही. पण खरे तेच लिहा, असा आबांचा निरोप आहे.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि तिकडची वाट बंद होती, त्या दिवसांतली गोष्ट. माझी मुलगी शांता नऊ वर्षांची होती. तिची दाढ दुखू लागली. दाढदुखीला किनाऱ्यावरचे लोक आबांकडेच जात. त्यांच्या पडवीत पाण्याने भरलेली परात असे. परातीत मधोमध दगड, दगडावर तापलेला कौलाचा तुकडा आणि त्यावर तेलात घोळलेल्या भुईरिंगणीच्या बिया. दुखणाऱ्याने तोंड उघडून वर वाकायचे, डोक्यावरून कापड घ्यायचे. धूर दाढेला लागला की कळ थांबे, आणि पाण्यात बारीक पांढरे किडे तरंगताना दिसत. शांतेच्या वेळीही दिसले.

असे किडे मी आधी पाहिले होते. तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांची दाढ दुखत होती, तेव्हा जत्रेत एका फिरत्या वैदूने असेच किडे काढून दाखवले होते. ते मी स्वतः मोजले होते. सात. "दाढ साफ झाली," असे तो म्हणाला, मी विश्वास ठेवला, आणि जबडा सुजत असतानाही आम्ही डॉक्टरांकडे गेलो नाही. आठव्या दिवशी हे गेले.

म्हणून मी आबांकडून मूठभर बिया मागून घेतल्या. घरी तशीच परात मांडली. शांता अंगणात होती, धुरावर कोणीच वाकले नव्हते. तरीही पाण्यात पाच किडे आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतेला घेऊन, ती परात तशीच डोक्यावर ठेवून मी आबांच्या पडवीत गेले. सात-आठ माणसे बसली होती.

"आबानू, तोंड नसताना ह्ये किडे खंयसून इले?"

एक म्हातारी फिसकन हसली. "गो, तुझ्या चुलीक दात आसत?"

"तांच मी आबांका इचारतंय."

आबा रागावतील, हाकलून देतील असे मला वाटले होते. पण तसे झाले नाही. त्यांनी स्वतः नवी परात मांडली, सगळ्यांना मागे सरकवले आणि नुसताच धूर केला. किडे आले. मग त्यांनी एक भिजलेली बी सुईने फोडली. आत पांढरा, वळलेला कोंब होता. तो सुईच्या टोकावर घेऊन त्यांनी पाण्यातल्या किड्यांशेजारी धरला.

"ह्ये किडे न्हंय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "बियेचे कोंब आसत. तापली की बी फुटता आणि कोंब पाण्यात पडता. बापाशीन दाखवलां तां मी चाळीस वर्सां दाखवलंय. बापूस चुकलो, मीय चुकलंय."

मग त्यांनी शांतेला उजेडात नेऊन तिची हिरडी दाबून पाहिली. "पू झालो हा. ह्यां माझां काम न्हंय. वयनी, आजच सावंतवाडीक चला." ते स्वतः आमच्याबरोबर एसटीने आले. डॉक्टरांनी दाढ काढली. शांता भेदरून रडत होती, तेव्हा आबा दाराबाहेरून तिला ओरडून सांगत होते, "रड गो बाये, मोठ्यान रड, तोंड उघडां रव्हता!"

मला तरीही विश्वास नव्हता. कबुली देऊन माणसे जिंकायची ही नवी युक्ती असेल, असे वाटे. काही ना काही कामाच्या निमित्ताने वर्षभर मी त्यांच्या पडवीवर नजर ठेवली. गर्दी कमी होत गेली. "किडे दाखवणा नाय तो कसलो वैद?" म्हणत लोक दुसरीकडे जाऊ लागले. आबा मात्र लवंग, अक्कलकाढ्याचे फूल आणि पेरूच्या पाल्याचा काढा देत राहिले. देताना प्रत्येकाला सांगत, "ह्यान दुखणां निजता, मरणा नाय." सूज दिसली की सरळ सावंतवाडीला पाठवत. परात त्यांनी गुरांना पाणी पाजायला दिली.

शांतेच्या पाटीवर तिच्याबरोबर मी वाचायला शिकले. हे कळल्यावर आबांनी आपल्या वडिलांची औषधांची वही माझ्यापुढे ठेवली. "वाचा, आणि खोटां वाटात थंय रेघ मारा." मी बऱ्याच रेघा मारल्या. काहींवर ते भांडले, काही त्यांनी मान्य केल्या.

मला ह्यांच्या वेळी असा कोणी भेटला नाही. ते दुःख आबांमुळे गेले नाही, जाणारही नाही. पण शांता आज सासरी आहे, तिला दोन मुले आहेत, हे मी रोज स्वतःशी म्हणते.

या ग्रंथात मी लिहावे असे आबांनीच सुचवले, असे ऐकते. त्यात त्यांचा काय हेतू असेल, याचाही मला संशय आहे. वहीची निम्मी पाने अजून वाचायची राहिली आहेत. ती पुरी होऊन माझा संशय फिटेपर्यंत आबांनी धडधाकट राहावे आणि माझ्याशी भांडत राहावे. मी वाचायची घाई करणार नाही.