कडुनिंबाखालची जागा

तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, लिहून देणार याने सिगारेट नामक बाईशी असलेले आपले सर्व संबंध राजीखुशीने व अक्कलहुशारीने कायमचे तोडले आहेत. तिच्याशी आमच्या नावावर कुणी कसलाही व्यवहार केल्यास तो आमच्यावर बंधनकारक राहणार नाही.

ही नोटीस मी कारखान्याच्या कँटीनमध्ये बाकड्यावर उभा राहून खड्या आवाजात वाचली. सगळ्यात मोठ्या टाळ्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या होत्या. मला भरून आलं होतं.

आमचा कारखाना टॉवेलचा आणि माझं खातं डिस्पॅच. विणणारे निराळे, धुणारे निराळे, शिव्या खाणारा मी. कंटेनर वेळेत बंदरावर पोचला नाही की परदेशातलं गिऱ्हाईक शेठजींवर ओरडतं, शेठजी साहेबांवर, साहेब माझ्यावर. माझ्या खाली ओरडायला कुणी नव्हतं, म्हणून मी सिगारेट ओढायचो.

सुताच्या कारखान्यात आत काडी ओढायची सोय नाही. छपरासकट सगळं जायचं. ओढणाऱ्यांनी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली जायचं. साहेबही तिथंच येत. घरी त्यांचे खिसे तपासले जात, म्हणून काडेपेटी कायम माझी. वर्षानुवर्षं मी त्यांची सिगारेट पेटवली. पहिला झुरका आत गेला की केबिनमध्ये कधी न बोललेलं ते बोलत. "दिवाळीनंतर डिस्पॅचला मॅनेजर नेमायचाय. डोक्यात तुझंच नाव आहे," हेही तिथंच ऐकलेलं. मॅनेजर झालो की रात्रपाळी कायमची सुटणार होती. मी ते बायकोला सांगितलं. बायकोने गल्लीला सांगितलं.

मग खोकला मागे लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला, चष्मा काढला आणि पुसत बसले. मी तिथल्या तिथं सिगारेट सोडली.

माझा सहकारी वळसंगहून मोटारसायकलवर यायचा. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, आणि सुपारीचं खांडही तोंडात न घालणारा. नोटीस वाचून खाली उतरलो, तर त्याने मला बाजूला घेतलं.

"मालक," तो म्हणाला. आमच्या सोलापुरात सगळेच एकमेकांचे मालक असतात. "सोडली न्हवं? मग त्या झाडाकडं फिरकू बी नका. वासानंच घात हुतोय."

"अरे, पण साहेबांशी बोलायचं असतं..."

"मी हाय की! कागद मी नेतो, निरोप मी देतो. तुमी हितं बसून शेंगा खावा."

आणि शेंगा खरंच आणायचा. घरच्या रानातल्या, भाजलेल्या. मला तलफ आली, ड्रायव्हरला फोनवर नको ते बोलून बसलो, की तो पुडी पुढं सरकवायचा. "खावा मालक. राग लई वाईट." माझी बायको त्याला भाऊ मानायला लागली. भाऊबीजेला तिने त्याला पाटावर बसवून ओवाळलं, आणि ताटातली शेवटची करंजी मला न देता त्याला वाढली.

दिवाळी सरली. एका दुपारी कारखान्याच्या ग्रुपवर मेसेज आला: नव्या डिस्पॅच मॅनेजरचं हार्दिक अभिनंदन. पुढं माझ्या सहकाऱ्याचं नाव, फुलांचा गुच्छ आणि जोडलेले हात. टाइप करणाऱ्याची चूक असेल म्हणून मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. केबिन रिकामी होती. साहेब फाटकाबाहेर गेले होते.

कित्येक महिन्यांनी मी त्या वाटेला लागलो. चालता चालता भाषण जुळवलं. "ज्या हाताने शेंगा चारल्यास" अशी दणदणीत सुरुवात, मध्ये भाऊबीज, शेवटी जन्मभर तोंड न बघण्याची प्रतिज्ञा. एवढं चांगलं भाषण मला आयुष्यात सुचलेलं नाही.

कडुनिंबाखाली, नेमका माझ्या जागेवर, तो उभा होता. हातात काडेपेटी.

"अरे, ये ये!" साहेब आनंदाने म्हणाले. "तू तर दिसेनासाच झालास. हा मात्र रोज येतो, काडेपेटी घेऊन. सगळं बोलणं याच्याशीच व्हायला लागलं बघ. स्वतः ओढत नाही, पण आज पार्टी म्हणून माझ्याबरोबर एक घेतोय."

साहेबांच्या सिगारेटचा धूर माझ्या नाकात गेला. ओढावीशीसुद्धा वाटली नाही, इतका मी आतून पेटलो होतो. भाषण घशाशी आलं.

मला बघून तो पार गडबडला. नमस्कार करावा की पळावं, ते त्याला ठरेना. घाईघाईने त्याने साहेबांनी दिलेली सिगारेट ओठांत खुपसली, काडी ओढली, आणि माझ्यावरची नजर न काढता ज्वाळा टोकाला लावली. जळक्या प्लॅस्टिकसारखा वास सुटला. मी तोंड उघडलं, आणि भाषणातला एकही शब्द बाहेर आला नाही. साहेबांच्या देखत मी ओरडलो:

"अरे येड्या, उलटी धरलीस की! फिल्टर पेटलाय!"