माळावर वाळलेली साडी

गहिनीनाथ परीट वाऱ्याला वैरी मानायचे. देवळाली प्रवऱ्यात त्यांच्याइतकं पांढरं धुणं कोणाचं नव्हतं, आणि हे ते स्वतःच चार माणसांत सांगत. आमच्या ख्रिस्ती आळीचे रविवारचे कपडे त्यांच्याकडेच जायचे. मी त्यांना मामा म्हणायची. माझी आई, हन्ना, एकदा त्यांना म्हणाली, "गहिनीभाऊ, तुमचं धुणं पाहून पाळकसाहेबसुद्धा स्वतःची बाही तपासतात." त्यानंतर आठवडाभर मामांच्या मिशीचा पीळ उतरला नाही.

वारा उठायच्या आत कपडा वाळला पाहिजे, हा त्यांना वडिलांनी दिलेला मंत्र. वारा आला की माती आली. म्हणून ते पहाटे धुवायचे आणि ओढ्याकाठच्या खोलगट हिरवळीवर, जिथं वाऱ्याचा शिरकाव नाही, तिथं कपडे पसरायचे. वडिलांच्या काळात हे बरोबरच होतं. तेव्हा गुऱ्हाळं असून असून एक-दोन.

मी सांगतेय ते बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या हिवाळ्याचं. तोवर ऊस गावाला येऊन भिडला होता. दिवाळी झाली की चहूकडे गुऱ्हाळं पेटायची, शेतात पाचट जळायचं. शिमग्यानंतर पश्चिमेचा वारा सुटायचा आणि आमचा धूर शेवगावच्या अंगाला ढकलून द्यायचा. तिकडचे लोक आम्हाला काय म्हणत असतील, देव जाणे. हिवाळ्यात मात्र सकाळी खाली गावात पान हलायचं नाही. रात्री गारठ्याबरोबर धूर ओढ्याच्या खोलगटीत उतरायचा आणि ऊन चांगलं तापेपर्यंत तिथंच बसून राहायचा. गावभर खोकला. कपड्यांवर काळे ठिपके पडले की मामा बायकोच्या, बनुबाईच्या चुलीवर खापर फोडायचे. ती बिचारी हसून सोडून द्यायची.

त्या जानेवारीत माझं लग्न ठरलं. आईनं स्वतःच्या लग्नात नेसलेली पांढरी साडीच मी नेसणार, असा माझा हट्ट. साडी पेटीत राहून पिवळट पडली होती. मामा म्हणाले, "दुधावानी करून देतो. न्हाई झाली तर परटाचं नाव लावनार न्हाई." आईनं निर्धास्त होऊन साडी दिली.

लग्नाच्या आदल्या सकाळी आई आणि मी ओढ्यावर गेलो. साडी गवतावर पसरलेली होती आणि पदरापासून काठापर्यंत तिच्यावर काजळीचे कण पडले होते. मामांनी घाईनं एक कण बोटानं झटकला, तर तिथं काळा फराटा उठला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मामांनी साडी गोळा केली आणि पुन्हा पाण्यात घातली.

धुऊन झाल्यावर ते परत तिथंच पसरायला निघाले, तेव्हा बनुबाई आडवी आली. "अवं, जरा वर बगा की! माळावर ऊन हाय. धूर हितंच साचलाय."

"वर वारा हाय. माती बसंल."

"भुईवर टाकली तर बसंल. हातावर धरू."

"दोघांच्या हातावर साडी मावतीय व्हय?"

"आपून चौघं हाय की," ती म्हणाली.

मामा थबकले. इस्त्री झाल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा मंत्र. आईनं कधी बादली उचलायला हात लावला तरी ते रागवायचे. पण लग्न उद्यावर आलं होतं. ते मुकाट्यानं माळ चढू लागले, आम्ही मागोमाग.

वर ऊन लख्ख होतं. खाली गाव धुरात बुडालेलं, फक्त देवळाचा कळस आणि चर्चचा क्रूस वर. मामा बराच वेळ खाली बघत राहिले. मग त्यांनी पदराची दोन टोकं आईपुढं धरली. "धरा, हन्नाबाई." एवढे दोन शब्द काढताना त्यांना किती जड गेलं, ते मी जवळून पाहिलं.

चौघांनी साडी डोक्याच्या वर ताणून धरली. वारा उठला. मामांनी डोळे मिटून घेतले. साडी फडफडली, हात भरून आले, आई आणि बनुबाई पोरींसारख्या खिदळायला लागल्या. उतरताना साडी कोरडी होती आणि खरंच दुधासारखी होती. मला इतका आनंद झाला की मी मामांना वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात पाहते तो मामा पायघडी अंथरत होते. हिंदूंच्या लग्नात हा परटाचा मान. आमच्यात ती चाल नाही, कोणी त्यांना सांगितलंही नव्हतं. आणि पायघडीभर काळे ठिपके! पहाटे ओढ्याकाठच्या खोलगटीतच वाळवली होती.

"सुंभ जळाला तरी पीळ जात न्हाई," बनुबाई म्हणाली.

मामा उठले. माझ्या साडीकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "पायाखाली काळं आसंना का. पोरीच्या अंगावर न्हाई, बास."

मी चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी तिच्यावरून चालत गेले.