मिथुनचा दिवाणखाना

माह्या भावाले मी शंभर वेळा मूर्ख म्हणीन, पण दुसऱ्या कोणी म्हणलं तर त्याची खैर नाई. मी मोठी बहीण होय, मले तेवढा अधिकार हाये. आई गेली तवा हा मिथुन माह्या कमरेएवढा होता. आता चाळिशी आली, केस पिकून राह्यले, तरी मी बोलायचं अन् त्यानं मान खाली घालून ऐकायचं, असंच चालू हाये. मी अंजनाबाई. कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात शाळेतली खिचडी शिजवते. मिथुनचं घर माह्या घराले लागूनच हाये.

पावसाळ्यात तो लोकाच्या बांधीत धानाच्या रोवण्याले जाते अन् दिवाळी झाली का नाटकात. नाटकात म्हणजे नट म्हणून नाई, बाप्पा. वडशाच्या बापूरावच्या कंपनीत तो पडदे ओढते, चौदा वर्षं झाली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, सोयरेधायरे घरी येतात अन् रात्री सगळे मिळून नाटक पाहतात. स्टेजवर जंगल जाऊन दिवाणखाना येते तो मिथुनच्या दोरीवर. आणखी एक काम त्याच्याचकडे होतं. नाटकातल्या दाराले खरी कडी नसते, रंगवलेली असते. नटी कडी लावल्यासारखा नुसता हात करते, अन् विंगेत उभा राहून मिथुन लोखंडाचा तुकडा लाकडावर असा आपटते का लोकायले वाटते, लागली बरं कडी. या 'खट्'चा त्याले भारी अभिमान होता.

त्याची बायको रिना धानोऱ्याकडली. कामाले वाघीण, बोलाले कमी. जुन्या मातीच्या घरामागं या दोघायचा संडास होता, तीन भिंती अन् समोर टांगलेलं पोतं. मोहफुलांचे दिवस होते, अंगणात फुलं वाळत घातली होती. पहाटे रिना आत बसली असताना अस्वल आलं. फुलं खाल्ली, अन् मंग नाकानं पोतं उचलून आत डोकावलं. रिना ओरडली नाई, हलली नाई. अस्वल निघून गेल्यावरही ती तिथंच बसून होती. मी गेली तवा तिचे दात वाजून राह्यले होते अन् तिनं माहा हात असा धरला का चार दिवस वण गेला नाई.

अन् गाव काय करते? गाव हसते. अस्वल पाहुणचाराले आलं होतं म्हणे. गावाचं सोडा, मिथुनही हसला. त्याच्या मनात पाप नाई, पण तोंडाले कुलूपही नाई. त्यानं हे कंपनीत सांगितलं, अन् तिथल्या कॉमेडीवाल्यानं ते नाटकात घातलं. आमच्याच गावच्या मंडईत, रिना आपल्या पोरीले, दिव्यानीले, मांडीवर घेऊन बायकांत बसली होती, अन् स्टेजवर त्या मेल्यानं पोतं उचलून अस्वलाचं तोंड केलं. सगळा मंडप हसला. विंगेत मिथुनचेही दात दिसून राह्यले होते. ते तिनं पाह्यले.

दुसऱ्या दिवशी ती पोरीले घेऊन माहेरी निघाली. मी बसस्टॉपवर रडली, हातापाया पडली. ती एवढंच म्हणली, "बाई, मले महाल नको. आतून कडी लागन असा संडास करा म्हणा, मंग येतो."

हे मी कानानं ऐकलं, मिथुनलेही सांगितलं. ध्यानात ठेवलं असतं तर आज हे सांगत बसायची पाळी आली नसती.

दोन वर्षं गेली. मधात घरकुल मंजूर झालं. मिथुननं स्वतः इटा वाहल्या, भिंती उभ्या केल्या, वर स्लॅब पडला, मागं संडासही उठला. अन् तिथंच गाडी अटकली. प्लास्टर नाई, फरशी नाई, संडासाले दार नाई. तो त्या उघड्या इटांच्या खोलीत एकटा झोपे अन् रोज धानोऱ्याले फोन लावे. फोन दिव्यानी घे. रिना घेत नसे.

या दिवाळीले रिनाचा बाप पत्रूभाऊ याचा फोन आला. मंडईले पोरीले घेऊन येतो म्हणे, घर पाहतो. घर राहण्यासारखं असलं तर तिले ठेवून जाईन, नाई तर त्याच दिवशी सोडचिठ्ठीचं बोलून टाकू. गडचांदूरचा कोणी बायको मेलेला माणूस त्यानं पाहूनही ठेवला होता, कारखान्यात कामाले असलेला. भिंती कशा पाहिजेत, पलंग पाहिजे, पंखा पाहिजे, चार माणसं बसतील अशी बैठक पाहिजे, हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं. मंडईले वीस दिवस होते. फोन ठेवून मिथुन माह्या चुलीपाशी येऊन बसला. पोरगी दुसऱ्याले बाप म्हणन, एवढंच दोनदा म्हणला.

म्या त्याले झापलं, अन् मंग दोघंही लागलो कामाले. असे वीस दिवस मी दुश्मनाले देत नाई. जुन्या घराचं सागवानी कवाड ठेवलेलं होतं. पोचू सुताराच्या धानाची कापणी आम्ही दोघायनं करून दिली अन् त्यानं त्या कवाडाच्या फळ्यांचा पलंग ठोकून दिला. कुरखेड्याच्या दुकानामागं फुटक्या टाइलीचा ढीग पडला होता, तो मिथुननं मागून आणला. निळे, पांढरे, लाल तुकडे जुळवत तो पहाटेपासून गुडघ्यावर बसे. बोटं फुटली, चिंध्या बांधल्या, पण जमीन अशी उठली का बाया पाहाले आल्या. समोरच्या भिंतीले चुन्यात नीळ टाकून आम्ही हात मारला. माह्या जुन्या लुगड्याचे काठ खिडकीले लावले. दारावर नव्या धानाच्या लोंब्यांचं तोरण बांधलं. पंखा बापूरावनं दिला. काडीनं ढकलला का फिरे.

तरी तीन भिंती उघड्याच. अन् हाती काहीच नाई. एका दुपारी मिथुन मधात उभा राहून त्या इटांकडे पाहत होता अन् एकाएकी मटकन खाली बसला. म्हणे, बाई, नाई होत आता. मी म्हणली, मागचं राहू दे, समोरचं कर. पाहुणा माजघरातून पुढं जात नसते, मागं कोण पाहते? हे माहे शब्द होत. दुसऱ्या कोणावर ढकलत नाई मी.

दुसऱ्या दिवशी तो वडशाले गेला अन् टेम्पोत कंपनीचा जुना दिवाणखान्याचा पडदा घेऊन आला. बापूरावनं नवा रंगवून घेतला होता, हा पडून होता. लाल सोफा, निळ्या पडद्यांची खिडकी, दहा वाजून दहा मिनिटं झालेलं घड्याळ, टेबलावर फोन. आम्ही तो मागच्या भिंतीवर ताणून बसवला. खरं सांगते, मलेही घडीभर वाटलं, काय घर झालं बाप्पा! सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाई म्हणतात, ते त्या दिवशी मी विसरली. अन् त्याच टेम्पोत मिथुननं नाटकातलं एक प्लायचं दारही आणलं होतं. ते त्यानं संडासाले बसवलं. मी म्हणली, वा, हेही निभलं.

मंडईच्या दिवशी दुपारी बाप, लेक अन् नात, तिघं आले. पत्रूभाऊच्या डोळ्यात मोतीबिंदू, अन् खिडकी लुगड्यानं झाकलेली, खोलीत उजेड फक्त समोरच्या दारातून, बाजूच्या भिंती अंधारातच. म्हातारा पलंगावर बसला, फळीवर हात फिरवून सागवान होय म्हणला, टाइलीवर पाय घासून पाह्यला. मंग मागच्या भिंतीकडे डोळे बारीक करून म्हणला, "सोफाही घेतला का जावईबापू?"

मिथुननं माह्याकडे पाह्यलं. मी मिथुनकडे. खरं सांगायची वेळ तीच होती. अन् मी काय केलं? पत्रूभाऊ, चहा घ्या म्हणलं, अन् कपात साखर जास्ती घातली. मिथुननं पंख्याले काडी लावली. म्हाताऱ्यानं चहा पिला, पान खाल्लं अन् सगळ्यायच्या समोर म्हणला, "पोरीले आज ठेवून जातो मी. कपडे मागून पाठवीन."

मिथुनच्या डोळ्यातून पाणी आलं. त्यानं दिव्यानीले उचललं, अन् ती पोरगी बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून राह्यली. मी मनातल्या मनात गावदेवीले नारळ कबूल केला.

रिना तेवढी बोलली नव्हती. पडदा तिनं आल्या आल्या ओळखला होता, हे मले तिच्या तोंडावरून दिसलं. नाटकवाल्याची बायको होय ती. पण पडदा तिनं सोडून दिला होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. ती उठली अन् मागं संडासाकडे निघाली. अन् तवा कुठं मले बसस्टॉपवरचं ते वाक्य आठवलं. मिथुनच्या तोंडाकडे पाह्यलं तर तो पांढरा फटक पडला होता.

ती लवकर आली नाई. आली तवा हातपाय धुतले, पदराले पुसले अन् दारात उभी राह्यली.

"आतून कडी लागत नाई," ती म्हणली.

मिथुन म्हणला, उद्या बसवतो. सकाळी उठल्याबरोबर बसवतो.

"कडी हाये ना तिथं. रंगवलेली हाये. मी अंधारात दोन वेळा हात लावून पाह्यला."

पत्रूभाऊले काही कळून नाई राह्यलं. एवढा सोफा घेतला जावयानं, कडीचं काय मोठं, असं तो म्हणाले लागला. तवा रिनानं बापाचा हात धरला, भिंतीपाशी नेला अन् त्या लाल सोफ्यावर टेकवला. म्हाताऱ्याची बोटं कापडावरून फिरली, कापडामागच्या इटांवरून फिरली. मंग तो चपला घालाले लागला. दिव्यानी बापाच्या गळ्याले धरून होती, तिची बोटं मले सोडवा लागली. मीच सोडवली.

मंडईचा पाहुणा नाटक न पाहता परत गेला, हे सगळ्या गावानं पाह्यलं. रात्री मिथुनले दोरीवर जा लागलंच. म्हणतात, नटीनं कडी लावायचा हात केला अन् आवाजच आला नाई. ती तशीच हात वर करून उभी राह्यली अन् लोकं शिट्या मारू लागले. बापूरावनं त्याले त्याच रात्री घरी पाठवून दिलं.

सकाळी मी त्या संडासात जाऊन बसली. दार ओढलं. वारा आला का ते उघडे, मी ओढी, ते उघडे. रंगवलेली कडी समोर चमकून राह्यली होती. अडीच वर्षांआधी रिना अशीच बसली होती, तिच्यासमोर अस्वलाचं तोंड होतं, अन् आम्ही हसलो होतो. मी तिथं बसून हमसाहमशी रडली. माहं वय साठ होत आलं, पण मले तवा पहिल्यांदा समजलं, ती काय मागून राह्यली होती.

बाहेर ठोकाठोकी ऐकू आली. मिथुन पलंग सोडून राह्यला होता. प्लायमध्ये स्क्रू धरत नाई, म्हणून त्यानं सागवानी फळ्या परत जोडून दार केलं. घराच्या समोरच्या दाराची लोखंडी कडी काढली अन् ती त्याले आतून बसवली. मी लावून पाह्यली. बैल बांधला तरी हलली नसती. पडदा त्यानं घडी करून वडशाले पोचवून दिला.

संध्याकाळी त्यानं धानोऱ्याले फोन लावला. दिव्यानीनं घेतला. आईले दे म्हणला, अन् दोन वर्षांत पहिल्यांदा रिनानं फोन घेतला. हा वेडा बोलायचं सोडून फोन धरून संडासात गेला अन् तिले ऐकू जाईन अशी कडी सरकवली. खट्. पुन्हा उघडली, पुन्हा लावली. मी बाहेर उभी होती. फोन मोठ्या आवाजावर होता.

पलीकडून मंग रिना म्हणली, "हा आवाज तर तुमी चौदा वर्षं काढून राह्यले."

मिथुन कडी काढून बाहेर आला. मी फोन हिसकला अन् म्हणली, पोरी, तू खरी, आम्ही खोटे. तू ये अन् आपल्या हातानं लावून पाह्य. तिनं येतो म्हणलं नाई. येत नाई असंही म्हणलं नाई. गडचांदूरचे पाहुणे रविवारी येऊन राह्यले, एवढं सांगितलं अन् फोन ठेवला.

आज शुक्रवार हाये. पलंग नाई, म्हणून मिथुन त्या रंगीत टाइलीवर पोतं टाकून झोपते, अन् समोरचं दार सुतळीनं बांधते. उद्या सकाळच्या बसनं मी धानोऱ्याले जाऊन राह्यली. ती कडी खोलून माह्या पिशवीत घेतली हाये, तिच्या हातात द्यायले.