आईचे घोडेस्वार

बाबा गेल्यावर मी आईला जयपूरला घेऊन आले. भुसावळला रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर तिचं आयुष्य गेलेलं. समोरच्यानं फॉर्म सरकवेपर्यंत हिची बोटं निम्मं नाव टाइप करून मोकळी व्हायची. वैशाली नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या बोटांना कामच उरलं नाही. मी दिवसभर ऑफिसात, लोकांचे अडलेले कॉम्प्युटर फोनवरून सुरळीत करत. संध्याकाळी घरी यावं तर ही बाल्कनीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसलेली.

म्हणून तिला तो ऑनलाइन खेळ शिकवला. लाकूड तोडायचं, शेतं पेरायची, तटबंदी बांधायची आणि सैन्य उभं करून समोरच्याचं गाव जिंकायचं. पंधरा दिवसांत कंटाळेल असं वाटलं होतं. दोन महिन्यांत ती मला हरवायला लागली.

"तू फार विचार करतेस गं," म्हणायची. "तेवढ्यात माझी दहा तिकिटं झाली असती."

दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं पहिल्यांदा तक्रार केली. "माझे घोडेस्वार ऐकत नाहीत. सांगते कधी, निघतात कधी. मशीन स्लो झालंय, मतलब."

हे तर माझं रोजचंच काम. आधी नेट तपासलं, ते ठीक होतं. मग मागे गुपचूप चालणारे नको ते प्रोग्राम बंद केले. पुढच्या रविवारी कॅबिनेट उघडलं. आंधीची बारीक पिवळी धूळ पंख्याच्या पात्यांवर साचली होती, ती ब्रशनं झाडली. प्रोसेसर तापत होता, तोही थंड झाला. त्यानंतर मेमरी वाढवली. दर रविवारी दुपारी मी टेबलाखाली बसलेली आणि आई शेजारी स्टुलावर, टॉर्च धरून. टॉर्चचा उजेड हलायचा. मी म्हणायची, "आई, नीट धर ना गं." ती दुसऱ्या हातात घ्यायची.

तरी घोडेस्वार उशिराच निघत.

शेवटी मी खेळाचं रेकॉर्डिंग काढलं. प्रत्येक डाव त्यात साठवलेला असतो. कुणी कधी नकाशाचा कुठला भाग बघितला, कुठे क्लिक केलं, सगळं. आई आंघोळीला गेली होती. मी तिचा आदल्या दिवशीचा डाव लावला. शत्रू वेशीवर आला त्याच क्षणी तिची नजर तिथे पोचली होती. कॉम्प्युटरही क्षणभर अडखळला नव्हता. पण माउसचा बाण सैन्याच्या आजूबाजूला थरथरत फिरत होता. एक क्लिक बाजूच्या गवतावर, दुसरा भिंतीवर. तिसराही चुकला. चौथ्याला घोडेस्वार निघाले, तोवर वेस पडली होती.

मी ते तीनदा पाहिलं. वळले तर आई दारात उभी होती, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून.

"सापडलं का?" तिनं विचारलं.

मी डाव तिथेच थांबवला.

"संक्रांतीपासून ब्लाउजचे हूक लागत नाहीत मला," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस? मी इतके दिवस त्या डब्याशी झटत बसले!"

"दर रविवारी माझ्याजवळ बसत होतीस ना." ती स्टुलावर बसली. "म्हटलं, अजून थोडे दिवस मशीनच बिघडलेलं असू दे."

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून काम सोडतात, उपाय नाही. लवकर आला असतात तरी फार काही झालं नसतं, असंही म्हणाले. मला धीर द्यायलाच तसं म्हणाले असतील. पण माझ्या डोक्यातून तो हलणारा टॉर्च जात नव्हता. रोज दुसऱ्यांचे बिघाड शोधणारी मी, हातभर अंतरावर बसलेल्या आईकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

हात थांबले तशी ती तोंडानं सांगू लागली आणि माउस मी चालवू लागले. "डावीकडून घाल. अगं, थांबू नकोस!" ऑफिसातून आले की चप्पल काढून थेट तिच्याशेजारी. ते काही महिने आम्ही खूप जिंकलो. मग जीभ जड झाली. तिचे शब्द अंदाजानं ओळखावे लागायचे.

एका संध्याकाळी डाव ऐन रंगात होता. ती म्हणाली, "पुरे."

मला ऐकू आलं 'पूर्वे'. मी म्हटलं, "पूर्वेकडे? सगळे?" आणि सैन्य पूर्वेला वळवलं. ती पुन्हा तेच म्हणाली. मी उरलेलेही पाठवले. "जातायत गं, बघ, सगळे जातायत." तिसऱ्यांदा तिनं मोठ्या कष्टानं तोच शब्द काढला, आणि मान स्क्रीनवरून भिंतीकडे वळवली. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायला तिचा हात उचलत नव्हता.

मी कॉम्प्युटर बंद केला, पदरानं तिचे डोळे पुसले. ती पुढच्या थंडीत गेली. त्या संध्याकाळनंतर कळेल असा शब्द तिच्या तोंडून फारसा निघालाच नाही.