दोन्ही अंगाला सारखं वझं

हुसेन नालबंदाच्या दारात झिजलेल्या नालांचा ढीग असायचा. टांग्याच्या घोड्याला नवा नाल ठोकला की जुना तो न बघताच मागं टाकायचा. कुणी म्हटलं, "आरं, भंगारात तरी घाल," तर म्हणायचा, "राहू दे मर्दा, हरेक नालाला त्याचा पाय ठाऊक हाय." आमच्या त्या हिमालयाच्या सफरीचे किस्सेही असेच साचलेत. फेकवत नाहीत, आणि एक काढायला जावं तर दोन हाताला लागतात.

मी शाळेत गेलो नाही. अक्षरं पलटणीत शिकलो, तीही सावकाश. तेव्हा जरा दमानं ऐका.

लढाई संपली आणि आम्ही तिघं साताऱ्याला परत आलो. तात्या हवालदार, हुसेन नालबंद आणि मी, धोंडी. तिघंही एकाच खेचर कंपनीतले. इटलीच्या डोंगरात वर फौजेला दाणागोटा पोचवायचं आमचं काम. एकदा बर्फात माझ्या पायाला तोफेचे तुकडे लागले. पुढचं मला धड काही आठवत नाही. एक पाठ तेवढी आठवते. रुंद, गरम, घामानं भिजलेली. त्या पाठीला गाल लावून मी खाली आलो. दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा शेजारचा म्हणाला, "तुझे कुंदनसिंग लाया." तो गढवाली शिपाई मी कधी बघितला नव्हता, आणि पुढंही भेट काही झाली नाही. मला एका जहाजात घातलं, त्याला दुसरीकडं नेलं.

हे आईला सांगितलं. तिनं माझ्या पायावरून हात फिरवला आणि म्हणाली, "त्या पाठीला एक घोंगडी द्यायची. तू आपल्या हातानं घालायची. माझं डोळं हायत तवर जाऊन ये."

कुंदनसिंगाच्या गावाचं नाव तेवढं दवाखान्यातल्या शेजाऱ्यानं सांगितलं होतं. बाकी काही नाही. सफर सगळी तेवढ्यावर!

* * *

पहिली मीटिंग हुसेनच्या दुकानात. तात्यानं नालाचा खिळा घेऊन जमिनीवर नकाशा काढला. हे सातारा, हे पुणं, ही दिल्ली, आणि वर एक रेघ ओढून म्हणाला, "हितनं म्होरं डोंगर. रेल्वेचं सरकारी वॉरंट न्हाई, साहेब न्हाई. आपला आपण प्लॅन करायचा. तयारीला एक महिना. वैशाखात निघायचं आन मृगाच्या आत पेरणीला घरी."

हुसेन म्हणाला, "तात्या, पर ऑर्डर कोण देणार?"

"मी देतो की."

"आन तुमाला कोण देणार?"

तात्या विचारात पडला. पंधरा वर्षं पलटणीत काढलेला माणूस. वरून हुकूम आल्याशिवाय त्याच्या तोंडून हुकूम निघायचाच नाही. शेवटी ठरलं, रोज सकाळी माझ्या आईनं तात्याला सांगायचं आणि तात्यानं आम्हाला. आई महिनाभर न चुकता दुकानात यायची, तात्यापुढं उभी राहायची आणि म्हणायची, "व्हय रं तात्या, लागा की कामाला!"

तात्या खाडकन सॅल्यूट ठोकायचा.

* * *

मग प्रॅक्टिस. मी म्हटलं, "हिमालय लय उंच आसतोय. आपुन यवतेश्वराच्या वर चढलेलो न्हाई." तात्या म्हणाला, "इटलीत काय सपाटीवर हुतो व्हय? पर आता पोटं सुटल्यात." तेव्हापासून रोज सकाळी पाठीवर धान्याचं पोतं घेऊन अजिंक्यतारा चढायचा. मी लंगडत मागं, तात्या शिट्टी घेऊन पुढं.

तिसऱ्या दिवशी निम्म्या वाटेत आम्ही तिघंही बसलो. जीभ बाहेर! तेवढ्यात एक म्हातारी जळणाचा भारा डोक्यावर घेऊन खाली उतरून गेली. थोड्या वेळानं मोकळी वर गेली, आणि परत दुसरा भारा घेऊन खाली आली. आम्ही तिथंच. ती थांबली. आमच्याकडं बघितलं.

"काय नवस हाय का, पावनं?"

तात्या छाती काढून म्हणाला, "न्हाई आजी. प्रॅक्टिस हाय. हिमालयात निघालोय."

म्हातारीनं त्या पोत्यांकडं बघितलं. "मग हेवढी पोती माझ्या भाऱ्यावर ठिवा. खाली उतरून दिते. तुमी या सावकाश."

* * *

घोंगडी म्हसवडची घ्यायची, यात आईची तडजोड नव्हती. सिद्धनाथाचं दर्शनही होईल म्हणून तीही आली. घोंगडी विणणाऱ्या सनगरानं विचारलं, "माप?"

मी म्हटलं, "माप न्हाई. पाठ आठवतीया." आणि दोन्ही हात पसरून दाखवले.

सनगर माझ्या हातांकडं बघत राहिला. "पैलवान हाय का?"

"आसंल. दोन मानसं निजतील आशी पाठ."

तो हळूच आईला म्हणाला, "आजी, ह्यो तापात बघितलेलं सांगतोय. मानूस हाय का बैल?"

आई म्हणाली, "त्यो सांगतोय तेवढी रुंद धर. आन जरा लांब पन धर."

"आवं, लांब कशाला? मानसाची पाठ कुठवर जाती?"

शेवटी रुंदीला माझं ऐकलं, लांबीला त्यानं स्वतःचं केलं. घोंगडी मात्र अशी झाली की उन्हात धरली तर पलीकडचा उजेड दिसत नव्हता. काळीभोर, कडेला पांढरी रेघ. परत येताना आई ती मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, "आये, मानूस भेटला न्हाई तर?"

"तर डोंगरावर हातरून या. तेवढीच त्याला ऊब."

* * *

आता सामान. ते हुसेनकडं. खेचराच्या पाठीवर दोन्ही अंगाला वझं सारखं लागतं. एक अंग जड झालं की खोगीर फिरतं, आणि कड्यावर फिरलं तर जनावरही जातं. ही गोष्ट हुसेनच्या हाडात भिनलेली. दुकानात दोन पोती टांगली, मध्ये आडवा बांबू, आणि जे काही येईल ते तोलून भरायचं.

तात्यानं छत्री आणली. हुसेन म्हणाला, "दुसरी कुठाय?"

"येकच लागती की रं!"

"डाव्या अंगाला काय घालू?"

दुसरी छत्री आली. आईनं चटणीची बरणी दिली, की तेवढ्याच वजनाची दुसरी बरणी. दोन तवे, दोन कंदील, दोन चिमटे. घोंगडीच्या तोलाला दुसऱ्या पोत्यात आईनं बाजरी भरली. महिनाभर हेच चाललेलं. निघायच्या दिवशी लोड असा झाला, की बांबूला बोट लावलं तरी कुठं झुकायचा नाही. हुसेन लांबून बघायचा आणि स्वतःशीच हसायचा.

टांग्यातून सातारा रोड स्टेशनवर उतरलो. सामान फलाटावर उतरवलं. गाडीचा धूर दिसायला लागला. हुसेननं मला विचारलं, "धोंड्या, खेचर कुठाय?"

मी तात्याकडं बघितलं. तात्यानं हुसेनकडं बघितलं.

महिनाभर तिघांनी प्लॅन केला होता. पलटणीत खेचर कुणी आणावं लागत नाही हो, ते असतंच!

* * *

मग काय, तोच बांबू हुसेननं खांद्यावर घेतला आणि झाली कावड. पुण्याच्या फलाटावर एक आजी लगबगीनं आली आणि वाकून हुसेनच्या पायाला लागली. "शिंगणापूरची कावड न्हवं बाबा ही?"

हुसेन गडबडला. मी खुणेनं म्हटलं, राहू दे. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी ऱ्हावा, माय." आजीच्या डोळ्यांत पाणी. तिनं पिशवीतून नारळ काढला आणि उजव्या पोत्यात ठेवला.

हुसेनचा चेहरा बघण्यासारखा झाला. गाडी सुटायला पाच मिनिटं, आणि हा गडी फलाटभर पळतोय.

"आरं कुठं निघालास?"

"डाव्या अंगाला नारळ नको व्हय?"

* * *

कोटद्वारला रेल्वे संपली आणि पायवाट लागली. मला वाटायचं, डोंगर म्हणजे चढायचं आणि उतरायचं. तिथं चढायचं, उतरायचं, आणि समोर त्याच्याहून उंच उभा! माझा पाय दुसऱ्या दिवसापासूनच बोलायला लागला. पण सांगणार कसं? माझ्यापायीच तर हे दोघं आलेले.

तात्यानं पलटणीचा नियम लावलेला. तासभर चाल, मग शिट्टी आणि दहा मिनिटं हाल्ट. खिशातलं घड्याळ काढायचा, कपाळाला आठ्या घालून बघायचा आणि शिट्टी मारायचा. आणि नशीब बघा, पायाची कळ मस्तकात गेली की नेमकी त्याच वेळी शिट्टी! कधी ओढ्याच्या मधोमध, कधी उभ्या चढावर. एकदा तर बसून उठलो, वीस पावलं गेलो, की परत शिट्टी. मी म्हटलं, "तात्या, तास झाला?"

"घड्याळ तुझ्याकडं हाय का माझ्याकडं?"

आठव्या दिवशी तात्या नदीवर आंघोळीला गेला तेव्हा मी ते घड्याळ सहज हातात घेतलं. काटे हालत नव्हते. हुसेनला दाखवलं. तो म्हणाला, "ठिव जाग्यावर. त्ये कोटद्वारलाच बंद पडलंय."

* * *

दहाव्या दिवशी गाव आलं. आठ-दहा घरं, दगडी छपरं. कुंदनसिंग जिवंत होता! अंगणात शेळीला पाला घालत होता. पण मी त्याला बघितलं आणि जागीच थांबलो. माझ्या खांद्याला लागेल एवढा माणूस. पाठ सुपाएवढी.

तात्या माझ्या कानात म्हणाला, "ह्यानं तुला उचाललं? ह्याला तर मी खिशात घालीन."

कुंदननं मला ओळखलं. पायावरूनच ओळखलं. गळ्यात पडला. त्याच्या म्हाताऱ्या आईनं आमचे पाय धुतले, चहा दिला. मी पोतं सोडलं, आईचा निरोप सांगितला आणि घोंगडी त्याच्या पाठीवर घातली. घोंगडीनं त्याला तीन वेढे घेतले. आत माणूस आहे की नाही, कळेना!

घोंगडीतून तो हसायला लागला. थांबेचना. मग डोळे पुसून म्हणाला, "भाई, मैंने कहाँ उठाया तुझे? मेरे खुद के हाथ में गोली थी. तुझे तो चंपा लाई."

चंपा म्हणजे माझं खेचर. दोन वर्षं मी तिला खरारा केला होता, हातानं दाणा भरवला होता.

कुंदननं सगळं सांगितलं. एका हातानं आणि दातानं त्यानं मला चंपाच्या एका अंगाला बांधलं. मी बर्फात बेशुद्ध, जड झालेला. खोगीर फिरायला लागलं. दुसऱ्या अंगाला घालायला काहीच नव्हतं. वरनं तोफा चाललेल्या. मग तो स्वतःच दुसऱ्या अंगाला लटकला आणि पट्टा मनगटाला गुंडाळला. "एक तरफ तू, एक तरफ मैं. बीच में चंपा."

हुसेन एकदम उभा राहिला. त्यानं नुसते दोन्ही तळहात पुढं धरले, तागडीसारखे, आणि कुंदनला ते सारखे करून दाखवले.

कुंदन मला म्हणाला, "सारे रास्ते तू चंपा, चंपा करता था. मैं समझा, बीवी है."

मग त्यानं घोंगडी काढून परत माझ्या हातात दिली आणि मला घरामागं नेलं. गोठ्यात एक तरणं, तांबूस खेचर उभं होतं. पलटण सोडताना मिळालेल्या पैशांतून घेतलेलं. "वो तो उधर ही रह गई," तो म्हणाला. "इसका भी नाम वही रखा."

आईनं सांगितल्याप्रमाणं मी आपल्या हातानं घोंगडी ह्या चंपाच्या पाठीवर घातली. गाल लावून बघितला. तसाच वास.

परतीला रिकाम्या पोत्यांत कुंदनच्या म्हातारीनं अक्रोड भरले. हुसेननं तोलून घेतले. मृगाच्या दोन दिवस आधी घरी पोचलो. आई उंबऱ्यावर बसली होती. डोळ्यांना तेव्हा फारसं दिसत नव्हतं, पण माझी लंगडी चाल तिनं कोपऱ्यावरच ओळखली.

"घातलीस?"

"घातली, आये."

"आपल्या हातानं?"

"आपल्या हातानं."

"पाठीला बरुबर झाली?"

मी तिच्याजवळ खाली बसलो. तात्या आणि हुसेन अंगणात कावड उतरवत होते.

"रुंदीला बरुबर झाली, आये. शेपटीकडं वीतभर कमी पडली."

आई माझ्या पायावर हात ठेवून म्हणाली, "तरी मी त्या सनगराला सांगत हुते, जरा लांब धर म्हनून."