बेस हाय

कोणी "तूच ठरव" म्हटलं की मला आजही घाम फुटतो. नववीत शाळा सुटली तेव्हापासून ठरवायचं काम माझ्याकडे कधी आलंच नव्हतं. उचल म्हटलं की उचलायचं, ठेव म्हटलं की ठेवायचं, त्यात एक बरं होतं, चूक झाली तरी ती आपली नसायची. आणि इथे रत्नागिरीत, घरापासून एवढ्या लांब, बाईंनी दुकानातून दोन डबे ट्रायलला आणवले, पडवीत माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, "यातला एकच आपल्याला परवडणार. कुठला ते तू सांग. मला त्यातलं कळत नाही."

डबा म्हणजे सबवूफर. गाण्यातला खालचा, जड आवाज ज्या पेटीतून येतो ती पेटी. हे दोन्ही पॉवर्ड होते, म्हणजे अॅम्प्लिफायर पेटीच्या पोटातच. मागे वायर खोचायची आणि बटण दाबायचं, वेगळा अॅम्प वाहून न्यायला नको. एक पंधरा इंची, माझ्या कमरेपर्यंत येणारा. दुसरा दहा इंची, खुर्चीखाली सरकवला तर दिसणारही नाही असा. नावं आम्हीच ठेवली, थोरला आणि धाकटा.

बाई शाळेत गाणं शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी छोटे कार्यक्रम घ्यायला सुरुवात केली. गाणं आणि हार्मोनियमची पेटी त्यांची, पखवाज आणि ढोलकी काकांची. काका म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. बोलतात अजून तसेच, शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं. मिक्सर, स्पीकर आणि व्हॅन माझ्याकडे. कुणाच्या ओटीवर पूजा, कुणाची साठी, कधी गणपतीपुळ्याला हॉटेलच्या हिरवळीवर मुंबई-पुण्याचे पाहुणे. ऐकणारे थोडके असतात, पण कान देऊन ऐकतात. इतके दिवस दोन लहान स्पीकरांवर भागत होतं. फक्त काकांचा पखवाज त्यातून नीट यायचा नाही. काका डाव्या बाजूला कणीक थापून, बोटांनी चापून, तासभर खपून तो गंभीर आवाज काढणार आणि स्पीकरातून येणार नुसती टकटक.

"मी कणीक कशाला लावतो मग?" ते बाईंना म्हणायचे. "घरी नेऊन पोळ्या तरी लाटतो."

म्हणून हा डबा.

मी मूळचा वाशीमकडचा. भावाचा तिकडे मंडप-डीजेचा धंदा आहे, वरातीत अठरा इंचीच्या पेट्यांची भिंत उभी करतो. माझे कान तिथेच तयार झाले. छातीत धडधडलं नाही तर आवाज लागलाच नाही, असं आम्ही समजायचो. पुढे एका मंडपवाल्याबरोबर हंगामापुरता इकडे समुद्राकाठच्या रिसॉर्टवर आलो. हंगाम संपला, तो माणसं घेऊन गेला, मी तापाने पडून होतो म्हणून राहिलो. बाईंनी त्या रिसॉर्टवर दोनदा कार्यक्रम केला होता, तेवढीच ओळख. तेवढ्या ओळखीवर त्यांनी मला घरामागची खोली दिली, पेज दिली, डॉक्टर दिला आणि बरा झाल्यावर म्हणाल्या, "सामान उचलायला माणूस हवाच आहे." हे मी विसरू शकत नाही. आणि विसरू शकत नाही म्हणूनच भीती. ज्यांनी काही न बघता ठेवून घेतलं, त्यांना एक दिवस बघितल्यावर कळेल, की हा काही कामाचा नाही. मग मी जायचं कुठे? परत भावाच्या दारात, हात हलवत.

डबा चुकला तर तो दिवस आलाच, असं मी मनात धरून चाललो होतो.

पहिली ट्रायल धाकट्याची. जवळच्याच एका वाडीत पूजा होती. गाडी खालीच थांबते, तिथून वर घरापर्यंत पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. धाकटा मी एका हातात घेऊन चढलो. काका मागून धापा टाकत म्हणाले, "वऱ्हाडी, हा डबा आहे की जेवणाचा डबा?" काका मला वऱ्हाडी म्हणतात. मी वऱ्हाडातला म्हणून आणि कुठल्याही लग्नात पहिल्या पंगतीला बसतो म्हणून.

ओटीवर काकांच्या शेजारी खांबामागे डबा ठेवला. मी खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, पार टोकाला, मांडवाच्या कडेला मिक्सर लावून बसलो. तिथून मला बाई दिसत होत्या, काकांचा फक्त गुडघा दिसत होता. काकांनी डाव्या हाताने पहिली थाप मारली. आवाज गोल होता. मोठा नव्हता, पण गोल होता. लांबून बाईंनी माइकमध्ये विचारलं, "काय रे, बेस कसा वाटतोय?"

मी ओरडलो, "बेस हाय!"

पुढची थाप जरा पोकळ आली. मी मिक्सरवर पखवाजाचा खालचा आवाज वाढवला. बाईंनी पुन्हा विचारलं, "आता?" मला वाटलं आता होईल ठीक. "बेस हाय, बाई!" मी पुन्हा ओरडलो. तर तो आणखी गेला. मी आणखी वाढवला, तो आणखी गेला. कार्यक्रम सुरू झाला तोपर्यंत पखवाज पहिल्यासारखाच टकटक करत होता आणि वाढवून वाढवून मिक्सरचा लाल दिवा लुकलुकत होता. लोकांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या दिल्या, प्रसाद दिला. मी मात्र शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन ठरवून टाकलं, की धाकट्यात दम नाही. आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. आमच्या गावाकडचा कुठलाही माणूस हेच म्हणाला असता.

येताना गाडीत बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. मग चिपळूणला थोरला लावून बघू. तो चांगला वाटला की धाकटा परत करून टाकते."

चिपळूणला एका शाळेच्या सभागृहात दुपारचा कार्यक्रम होता. थोरला उतरवायला मी, शाळेचा शिपाई आणि दोन पालक लागले. व्हॅनमध्ये तो ठेवल्यावर काकांना बसायला जागा नव्हती म्हणून ते एसटीने आले. "पासावर आलो, पण माझ्या सीटवर बसून आलेल्या तुमच्या डब्याचं तिकीट कोण काढणार?" असं दारातूनच ओरडले. थोरला स्टेजवर चढवता येईना, म्हणून खाली, स्टेजपुढे उभा केला.

पहिल्या थापेला छतावरचे पत्रे थरथरले. माझी छाती धडधडली. घरची आठवण झाली एकदम, वरातीची, भावाची, रस्त्यावरच्या धुळीची. पण बाईंनी पेटीवर सूर धरला तो कुठे गेला ते कळेना. सगळं त्या घूं घूं मध्ये बुडालं. ते मला ऐकू येत होतं आणि ऐकायचं नव्हतं. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "बेस?"

जिभेवर बसलेलंच ते. "बेस हाय!"

काका उठले. पखवाज बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात टेकत स्टेजच्या पायऱ्या उतरले, थोरल्याला वळसा घालून मागे गेले आणि मागचं बटण पिळायला लागले.

मी पळत पुढे गेलो. "काका, त्याला कायले हात लावता?"

"तूच सांगतोस ना!"

"म्या काय सांगलं?"

"आता काय सांगितलंस? बेस हाय. त्या दिवशी पण तेच. बेस हाय, बेस हाय! बेस हाय झाला म्हटल्यावर लो करायला नको? त्या धाकट्याचा तर मी शेवटी गळाच दाबला. तरी तुझं चालूच, बेस हाय!"

मिक्सरवर लो, मिड, हाय लिहिलेलं असतं. काकांना ते मीच शिकवलं होतं, मोठ्या हौसेने.

बाईंनी पेटीचा भाता मिटला. "थांबा. तुझ्याकडे बेस म्हणजे काय रे?"

"बेस म्हणजे... बेस. चांगलं. छान."

"आणि हाय म्हणजे आहे."

"हो."

काका असे हसले की शिपाई दारातून डोकावला. "अहो, हा छान आहे, छान आहे म्हणून ओरडतोय आणि मी मेला बंद करत सुटलोय!" बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. कार्यक्रमभर काका मधूनच माझ्याकडे बघून खांदे उडवायचे आणि मी मान डोलवायचो.

पण आतून मला कसंतरी झालं होतं. चिडवल्याचं नव्हे, चिडवलं तर मला बरं वाटतं, कुणीतरी दखल घेतं. वाटलं ते वेगळंच. हे दोघं माझी काळजी घेतात, माझं ताट वाढून ठेवतात, आणि मी गेले कितीतरी महिने त्यांना जे छान आहे म्हणून सांगत आलो ते त्यांच्यापर्यंत तसं पोचलंच नसेल. आणखी काय काय पोचलं नसेल? त्या आख्ख्या सभागृहात, आख्ख्या जिल्ह्यात म्हणा, माझा एक साधा शब्द माझ्यासारखा ऐकणारा कोणी नव्हता.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. धाकट्याला मी नापास केलं होतं ते तो बंद असताना. ते मी बाईंना सांगून बसलो होतो. ट्रायलची मुदत संपली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदार धाकटा न्यायला येणार होता.

रात्र कशी गेली विचारू नका. शब्द बदलला तर बाई म्हणतील, याचा काय भरवसा, आज एक उद्या एक. नाही बदलला तर तो थोरला प्रत्येक पाखाडीवर मला वाहायचा आहे आणि प्रत्येक ओटीवर बाईंचा सूर बुडणार आहे. सकाळी उठल्याबरोबर पडवीत गेलो. बाई निवडण करत बसल्या होत्या. उभ्या उभ्या सांगून टाकलं, "बाई, धाकट्याची ट्रायल झालीच नाही. मला तो पुन्हा ऐकू द्या."

त्यांनी वर बघितलं. "मी त्याचीच वाट बघत होते," एवढंच म्हणाल्या आणि काकांना फोन लावला.

काका कणीक मळूनच आले. या वेळी डब्याला हात लावायचा नाही असं मी त्यांना बजावलं. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. धाकटा आधी मध्ये ठेवला, मग भिंतीला लावून, मग कोपऱ्यात. कोपऱ्यात आवाज फुगला, चिऱ्याच्या दोन भिंतींनी त्याला उचलून धरलं. थोडा पुढे ओढला. मागे फेजचं एक बटण असतं, डबा आणि वरचे स्पीकर आवाज एकाच वेळी पुढे ढकलतात की उलटसुलट, ते त्याने जुळवायचं. ते दाबल्याबरोबर पखवाज एकदम अंगाने भरला. वरचा आवाज स्पीकरातून, खालचा धाकट्यातून, पण सांधा दिसेना. काकांच्या बोटाखालून सगळं निघतंय असं वाटलं. बाईंनी पेटी काढली आणि गायल्या. सूर वर राहिला, खाली पखवाज चालत राहिला. मी अंगणात गेलो, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. छातीत धडधड नव्हती. पण ऐकत उभं राहावंसं वाटत होतं आणि ते मला आधी कधी झालं नव्हतं.

"बोल," बाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हटलं, "चांगला आहे."

"शुद्ध बोलला!" काका म्हणाले. "म्हणजे नक्कीच बिघडलंय काहीतरी."

दुकानदार दारात आला तेव्हा बाईंनी बोट माझ्याकडे केलं. "यांना विचारा." यांना! मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

"धाकटा ठेवतो," मी म्हणालो. "थोरला न्या."

"बघा हं. लोक मोठाच नेतात जास्त. मागाहून तक्रार नको."

"तक्रार आली तर माझ्याकडे येईल," मी म्हणालो आणि माझंच मला आश्चर्य वाटलं.

तो गेल्यावर काका पखवाजाची कणीक खरवडत म्हणाले, "आता वऱ्हाडी कुठे जात नाही. डबा याने पसंत केलाय, बिघडला तर धरायला माणूस नको?" बाई धाकट्यावर घालायला जुन्या चादरीची खोळ शिवायची म्हणून माप घ्यायला लागल्या, आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

संध्याकाळी भावाला फोन लावला. हे कुणाला तरी सांगायचंच होतं.

"घेतला का डब्बा?"

"घेतला. म्या पसंत केला."

"वा बे! केवढा?"

"दहा इंची."

"किती नग?"

"एकच."

त्याच्या मागे ट्रकवर पेट्या चढवल्याचा आवाज येत होता, वरात असणार. "अन् त्याच्यावर लोकं नाचतात?"

"नाचत नाहीत. बसून ऐकतात."

"बसून?" तो मोठ्याने हसला. मग बाजूच्या कुणाला तरी म्हणाला, "आयक रे, याच्याकडं लोकं बसून आयकतात म्हणे." मग मला म्हणाला, "मंग डब्बा कायले पायजे?"

मी सांगायला लागलो, की कणीक लावलेल्या बाजूवर थाप पडली ना, की... पण त्याला तिकडून हाका सुरू झाल्या होत्या.

"मंग सांगजो," तो म्हणाला. "टाइम झाला."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवून उरलेलं वाक्य मनात पूर्ण केलं.