दुसऱ्या भिंगावरचं कुंकू

तुम्ही पाठवलेल्या फोनला मागे दोन कॅमेरे कशाला, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आजी, एक बघतो, दुसरा अंतर मोजायला मदत करतो." मला तेव्हा काही कळलं नव्हतं. कळलं ते दसऱ्याला.

त्याआधी पावसाळ्यात आजोबांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. पनवेलला शस्त्रक्रिया झाली, तरी तो डोळा गेला. डावा चांगला आहे. पेपर अजून तेच आधी वाचतात. पण चहा कपाबाहेर पडू लागला. आणि एका सकाळी आपल्या करंजाड्याच्या बिल्डिंगच्या गेटवर मासळी घ्यायला उतरताना त्यांची शेवटची पायरी चुकली. सगळ्यांसमोर ते गुडघ्यावर पडले. लागलं फारसं नाही, पण त्यांनी खाली जाणंच सोडलं. मी हात पुढे केला की म्हणत, "धरून न्यायची वेळ आली की सांगेन."

उरणहून येणारी कोळीणबाई मला एकटीला पाहून विचारी, "बाबा कुठं हायत? एक डोला गेला, मासली हुंगाया नाक तं हाय ना?" घरी येऊन मी ते सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांचा सगळा दिवस आता खुर्चीत जात होता, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

दसऱ्याला पाटावर पुस्तकं, कात्री आणि तुमचा फोन मांडला. स्क्रीन खराब होऊ नये म्हणून फोन पालथा ठेवून मी त्याच्या पाठीवर हळद आणि ओलं कुंकू लावलं. संध्याकाळी आजोबांचा फोटो, माणूस स्पष्ट आणि मागचं धूसर असा, काढायला गेले, तर मागचं कपाट काही केल्या धूसर होईना. कॅमेरा झाकला गेलाय, असं फोन सांगत होता. उलटून पाहिलं, तर दुसऱ्या भिंगावर कुंकू वाळलेलं.

"याचाही एक गेला," आजोबा म्हणाले.

मी ओल्या फडक्याने भिंग पुसलं. कपाट लगेच धूसर झालं.

"आता कसं जमलं?" त्यांनी विचारलं.

तुमचं अंतर मोजण्याचं बोलणं मला आता उमगलं. मी अंगठा डोळ्यांसमोर धरला. आधी एक डोळा मिटला, मग तो उघडून दुसरा. "बघा, अंगठा कपाटावर इकडून तिकडे उडी मारतो. कपाट जवळजवळ जागेवरच राहतं. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. फोन दोन कॅमेऱ्यांची चित्रं अशीच ताडून बघतो आणि लांबचं तेवढं पुसट करतो."

त्यांनीही अंगठा धरला. बराच वेळ धरून ठेवला. "माझा हलत नाही," ते म्हणाले. मी हे दाखवलंच नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मग त्यांनी मान डावीकडे नेली, उजवीकडे आणली.

"अगं, हलतोय!"

"तुम्ही मान हलवलीत म्हणून."

"तेच तर! डोळा एक असला तरी जागा दोन मिळाल्या."

दुसऱ्या दिवसापासून ते टेबलाशी बसून सराव करू लागले. किटली उचलायची, मान हलवायची, तोटी कपाच्या काठाला टेकवायची आणि मगच ओतायचं. बरंच सांडलं. मी फडकं घेऊन स्वयंपाकघरातच थांबत असे.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी पिशवी घेतली आणि चपला घातल्या. मी हात पुढे केला नाही. त्यांच्या मागोमाग उतरून मी जिन्याच्या वळणावर थांबले. शेवटच्या पायरीशी त्यांनी कठडा धरला, मान डावीकडे, उजवीकडे हलवली आणि पाय खाली टेकवला.

गेटवरून बाई ओरडली, "बाबा, नाय नाय कशाला करताय? आजून भाव तं सांगलाच नाय!"

ते मोठ्याने हसले. मी वर निघून आले. डोळे पुसायचे होते.

तुम्ही याल तेव्हा तुमच्या हातून कप घेण्याआधी आजोबा मान हलवतील. ते नको म्हणत नसतात. कप तसाच धरून थांबा.